शरणागतीत आलेली जपानी तलवार: ओळखावी कशी, वाचावी कशी, जपावी कशी

तलवार जुन्या लुगड्यात गुंडाळून आली होती. लुगडं सोडवल्यावर मुठीला सुतळीने बांधलेली दोन बोटं रुंदीची लाकडी पट्टी दिसली, तिच्यावर शाईने उभ्या ओळीत काहीतरी लिहिलेलं. "किमतीची चिठ्ठी असेल, तोडून टाकू का?" तलवार घेऊन आलेल्या काकांनी विचारलं. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. मी त्यांचा हात धरला. पुण्यात जपानी शिकवणाऱ्या एका बाईंनी ती पट्टी वाचून दिली: हुद्दा, नाव, गाव. शस्त्र खाली ठेवताना अनेक जपानी अधिकारी अशी पट्टी किंवा कापडाची चिंधी मुठीला बांधत. तलवार कधीतरी घरी परत येईल, ही आशा त्यामागे असे.

संग्रहालयाच्या भांडारात अशा काही तलवारी मी स्वतः हाताळल्या आहेत. हा लेख छोट्या संग्रहालयात नोंदीचं काम करणाऱ्यांसाठी आहे. आजोबांच्या ट्रंकेत अशी तलवार सापडली आणि पुढे काय करायचं ते कळत नाही, अशांसाठीही आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. तलवार स्वतःबद्दल पुष्कळ बोलते, पण "मी शरणागतीत दिली गेले" हे ती कधीच सांगत नाही. ते सांगते ती पट्टी, ते पत्र, तो फोटो, घरातली आठवण. पातं घासून चकाकवलं आणि पट्टी फेकली, तर आपल्या हातात फक्त एक जुनं लोखंड उरतं.

पायरी १: हात लावण्याआधी पार्श्वभूमी समजून घ्या

आग्नेय आशियातल्या जपानी फौजांची शरणागती १२ सप्टेंबर १९४५ रोजी सिंगापूरच्या म्युनिसिपल इमारतीत झाली. सरसेनापती फील्ड मार्शल तेराउची आजारी असल्याने सही केली जनरल इतागाकी यांनी. भारतीय सैन्यातर्फे ब्रिगेडियर थिमय्या तिथे हजर होते. तेराउची यांनी आपल्या घराण्यातली तलवार ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगावमध्ये माउंटबॅटन यांच्या हाती दिली. अधिकाऱ्यांकडून तलवारी घेण्याचा समारंभ अमेरिकन सरसेनापती मॅकआर्थर यांना नको होता. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सैन्याचे ब्रिटिश सेनापती स्लिम मात्र त्यावर ठाम राहिले. जपानी अधिकाऱ्याने सैनिकांसमोर तलवार दिली की आपण हरलोच नाही असं पुढे त्याला म्हणता येणार नाही, हा त्यांचा विचार. त्यामुळे ब्रह्मदेश, मलाया आणि आसपासच्या प्रदेशात गावोगावी, विमानतळांवर, शाळांच्या मैदानांवर तलवारी टेबलांवर ठेवल्या गेल्या. क्वालालंपूरला २२ फेब्रुवारी १९४६ रोजीही असा समारंभ झाला; तिथे ब्रिटिश जनरल मेसर्वी यांनी तलवारी स्वीकारल्या.

मराठी घरांत या तलवारी कशा आल्या, ते यावरून कळतं. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढली. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानात कांगॉच्या लढाईत पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचं नेतृत्व शंकरराव थोरात यांनी केलं आणि डीएसओ हे लष्करी पदक मिळवलं. युद्ध संपल्यावर मराठ्यांची पहिली पलटण थेट जपानात, हरलेल्या देशावर ताबा ठेवणाऱ्या सेनेत गेली होती.

हा शेवटचा तपशील नोंद करताना फार उपयोगी पडतो. जपानात नि:शस्त्रीकरणात सरकारजमा झालेली तलवार, रणांगणावर मेलेल्याजवळ सापडलेली तलवार आणि टेबलावर विधिपूर्वक ठेवलेली तलवार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबा १९४६ साली जपानात होते आणि तलवार तिथूनच आली असेल, तर नोंदीत "शरणागतीची" लिहिण्याआधी थांबा.

पायरी २: टेबल, हातमोजे, कॅमेरा

मऊ पांढरं कापड अंथरलेलं रुंद टेबल घ्या. हातात नायट्राइलचे मोजे घाला. सुती मोजे घसरतात आणि त्यांचे धागे मुठीच्या वेष्टनात अडकतात. बोलताना तोंड बाजूला ठेवा, कारण थुंकीचा बारीकसा थेंबही पात्यावर डाग पाडतो.

उघड्या बोटाचं काय होतं, ते मी स्वतः पाहिलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत मी एका पात्याला अंगठा टेकवला आणि नुसतं कापडाने पुसून ते म्यानात घातलं. पावसाळा संपल्यावर तलवार काढली, तर माझ्या अंगठ्याची रेघ न् रेघ तांबूस गंजात उमटलेली होती. ती आजही तिथे आहे. काढायची तर जपानी पद्धतीचं पॉलिश करणारा कारागीर हवा, आणि तोही थोडं लोखंड घासूनच काढणार.

म्यानातून काढताना धार वरच्या बाजूला ठेवा. पात्याची पाठ म्यानाच्या लाकडावर टेकवत सावकाश, सरळ रेषेत बाहेर ओढा. लष्करी म्यान बाहेरून धातूचं असलं तरी आत लाकडी अस्तर असतं. अडकलं तर झटका देऊ नका. मुठीजवळ एक छोटा खटका असू शकतो. आधी तो दाबून पाहा.

काहीही सोडवण्याआधी फोटो काढा: दोन्ही बाजू, पाठ, मुठीचं टोक, म्यानाचं तोंड, बांधलेली पट्टी, सुतळीची गाठसुद्धा. मी गाठीचा फोटो कधीच चुकवत नाही.

पायरी ३: बाहेरच्या साजावरून प्रकार ओळखा

साज म्हणजे मूठ, म्यान आणि त्यांवरचं धातूकाम. जपानी लष्करी तलवारीला गुन्तो म्हणतात. प्रकाराला दिलेला आकडा म्हणजे जपानच्या तेव्हाच्या शाही कालगणनेतल्या वर्षाचे शेवटचे दोन अंक. त्या वर्षातून ६६० वजा केले की आपलं इसवी सन मिळतं. प्रकार ९४ म्हणजे २५९४, अर्थात १९३४. प्रकार ९८ म्हणजे १९३८. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की अर्धं काम होतं.

प्रकार ९४ च्या म्यानाला लटकवण्याच्या दोन कड्या असतात आणि त्यातली एक काढता येते. प्रकार ९८ ला एकच कडी. दोन्हींच्या मुठीवर पांढऱ्या खरबरीत माशाची, म्हणजे पाकट जातीच्या माशाची, कातडी असते. तिच्यावर तपकिरी फीत अशी आवळलेली असते की मध्ये चौकटीच्या ओळी दिसतात. पितळी साजावर साकुराची, म्हणजे चेरीची, फुलं सगळीकडे. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत पितळ आटलं, तेव्हा साज साधा, लोखंडी आणि काळपट झाला. मुठीवरची फीत लाखेने घट्ट केलेली आणि मूठ पक्की बसवायला एकाऐवजी दोन खुंट्या, असं दिसलं तर तलवार बहुधा त्या काळातली.

नौदलाच्या तलवारीला दोन कड्या असतात. म्यान काळ्या किंवा गडद लाखेचं, कधी माशाच्या कातडीने मढवलेलं. तिचं पातं पुष्कळदा न गंजणाऱ्या पोलादाचं असतं. समुद्रावर वावरायचं, तर ते सोयीचंच.

इथे सर्वांत जास्त चूक होते ती प्रकार ९५ च्या बाबतीत. ही अधिकाऱ्याची तलवार नव्हे, हवालदार दर्जाच्या लोकांची. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने विकत घेत. यांना सरकारकडून मिळे. लांबून मूठ फितीने विणल्यासारखी दिसते, पण हात लावला की कळतं, सगळी वीण धातूत ओतलेली आहे. पात्यावर, मुठीजवळच, ठोकलेला अनुक्रमांक असतो आणि म्यानावरही तोच हवा. दोन्ही जुळले तर जोडी मूळची. कित्येक घरांत "जनरलची तलवार" म्हणून पूजली गेलेली वस्तू अशी क्रमांकवाली निघते. सांगताना जड जातं, पण सांगावं लागतं.

मुठीच्या टोकाला गोंडा असेल तर रंग नीट पाहा. तपकिरी आणि निळा असेल तर लेफ्टनंट-कॅप्टनपर्यंतचे अधिकारी. तपकिरी आणि लाल असेल तर मेजर ते कर्नल. लाल-तपकिरीत सोनेरी धागा असेल तर जनरल. पण गोंडा दोन मिनिटांत बदलता येतो, म्हणून त्यावरून हुद्दा ठरवू नका. नोंदीत फक्त "सध्या असलेला गोंडा" असं लिहा. मुठीच्या टोकावर चांदीचं छोटं घराणेचिन्ह असेल, तर तो मात्र फार मोलाचा धागा आहे.

पायरी ४: पातं पाहा

आपल्याकडे हत्यार कडक करण्याला "पाणी देणं" म्हणतात. युद्धकाळात बनलेल्या या पात्यांपैकी बहुतेकांना पाणी नव्हे, तेल दिलेलं आहे. पारंपरिक जपानी लोहार पात्यावर मातीचा लेप देऊन ते तापवतो आणि पाण्यात विझवतो. त्यामुळे धारेलगत दुधाळ पांढरा पट्टा तयार होतो. त्याला हामोन म्हणतात. तेलात विझवलं की पातं तडकण्याची भीती कमी आणि काम झटपट. तिथेही पट्टा दिसतो, पण तो गुळगुळीत आणि निर्जीव असतो. खिडकीपाशी एकाच दिव्याखाली पातं तिरकं धरा आणि धारेवरून नजर सावकाश फिरवा. पारंपरिक पात्याच्या पट्ट्यात बारीक चमकते कण आणि धुक्यासारखे थर हलताना दिसतात. एकदा पाहिलं की विसरत नाही.

लांबी मोजताना टोकापासून पाठीवरच्या, मुठीजवळच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजा, वक्र धरून नाही. जपानी शाकु म्हणजे ३०.३ सेंटिमीटर. दोन शाकु, म्हणजे ६०.६ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर पूर्ण लांबीची तलवार.

साज लष्करी म्हणून पातंही लष्करी, असं मानू नका. अनेक अधिकाऱ्यांनी घरातलं जुनं पातं नव्या सरकारी साजात बसवून घेतलं होतं. फिलिपीन्समध्ये शरण आलेल्या जनरल यामाशिता यांची तलवार अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या संग्रहालयात आहे. तिचं पातं सतराव्या शतकातल्या फुजिवारा कानेनागा या लोहाराचं.

पायरी ५: मूठ उतरवणं आणि आतला लेख वाचणं

पात्याचा मुठीत गेलेला भाग म्हणजे नाकागो. तिथेच लोहाराचं नाव आणि तारीख सापडू शकते. ही पायरी धीराची आहे. प्रकार ९५ असेल तर ती सोडून द्या. त्याची मूठ स्क्रूने बसवलेली असते आणि आत वाचण्यासारखं काही नसतं.

मुठीत आरपार गेलेली बांबूची खुंटी, मेकुगी, एका बाजूने थोडी निमुळती असते. निमुळत्या बाजूने पितळी किंवा लाकडी काडीने हलकेच ढकला. निघत नसेल तर तिथेच थांबा. घरच्या हातोडीने खिळा ठोकून मुठी फोडल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. खुंटी निघाल्यावर डाव्या हाताने मूठ धरा, पातं जवळजवळ उभं आणि किंचित तिरकं ठेवा. मग उजव्या हाताची मूठ वळून डाव्या मनगटावर हलका ठोका द्या. पातं थोडं उचकलं की सगळं कापडावर आडवं करा आणि मूठ सरळ ओढून काढा. हे करताना दुसरं माणूस शेजारी हवंच.

मुठीच्या आणि परजेच्या, म्हणजे हात वाचवणाऱ्या तबकडीच्या, मध्ये पातळ चकत्यांची चळत असते. प्रत्येक चकतीचा क्रम आणि कुठली बाजू कुठे होती, हे लिहून ठेवा. त्यांवर अनेकदा एकच क्रमांक ठोकलेला असतो. सगळ्यांवर तोच असेल तर साज मूळचा एकत्र.

नाकागोवरचा काळपट गंज ही तलवारीची जन्मपत्रिका आहे. तो कधीही, कुठल्याही कारणाने साफ करू नका. गंजाच्या रंगावरूनच जाणकार वय सांगतात. जुना गंज गडद आणि मुरलेला, तर दशकांपूर्वीचा तपकिरी. अक्षरं दिसत नसतील तर दिवा अगदी आडवा लावून फोटो घ्या. पीठ किंवा खडू चोळू नका.

तारीख वाचायला जपानी यायलाच पाहिजे असं नाही. आकड्यांत एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. शोवा या राजवटीच्या वर्षात १९२५ मिळवा: शोवा १७ म्हणजे १९४२. नावाजवळ छोटे ठसेही असतात. वर्तुळातला नांगर नौदलाकडचा. तारा असेल तर सैन्याने नेमलेल्या लोहाराचं, पारंपरिक पद्धतीने घडवलेलं पातं. गिफू प्रांतातल्या सेकी गावाचा ठसा वारंवार भेटेल, कारण लष्करी पात्यांचं ते सर्वांत मोठं केंद्र होतं. दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या कारखान्यातही तलवारी बनल्या. तोक्योच्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात १९३३ ते १९४५ लोहारशाळा चालली आणि तिथल्या लोहारांची नावं "यासु" ने सुरू होतात. काहीच लिहिलेलं नसेल तरी निराश होऊ नका. बिननावाची पातीही पुष्कळ असतात.

पायरी ६: नकली तर नाही ना

बाजारात नकला भरपूर आहेत आणि काही छोट्या संग्रहांत त्या मानाने मांडलेल्याही आहेत. नाकागोवरचा नारिंगी, भुकटीसारखा गंज आम्लाने चढवलेला असतो. हामोनचा पट्टा चाकावर घासून काढलेला किंवा आम्लाने कोरलेला दिसतो. मुठीची फीत बोटाने सरकते आणि चौकटींतून माशाच्या कातडीऐवजी प्लास्टिक डोकावतं. पात्यावरच्या पन्हळीचं टोक वेडंवाकडं असतं. यातलं एकच लक्षण असेल तर शंका घ्या, तीन असतील तर खात्री धरा.

पायरी ७: कागद, पट्टी आणि घरची आठवण

नोंदवहीत मी तीन रकाने करतो: वस्तू काय सांगते, कागद काय सांगतो, घर काय सांगतं. ते कधीही एकमेकांत मिसळत नाही. "प्रकार ९८, नाकागोवर शोवा १६" हा पहिला रकाना. "तलवार घरी नेण्याची परवानगी, पलटणीच्या अधिकाऱ्याची सही" हा दुसरा. "बाबा म्हणायचे, जपानी कर्नलने स्वतः हातात दिली" हा तिसरा. तिसरा रकाना खोटा नसतो. तो फक्त वेगळा असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, रेकॉर्ड करा, सेवापुस्तक आणि पदकं मागवा. पलटण कुठल्या तारखेला कुठे होती, ते युद्धदैनंदिनीत सापडतं. आठवणीतलं गाव आणि दैनंदिनीतलं गाव जुळलं, की तो क्षण खरोखर आनंदाचा असतो.

पट्टी तलवारीपासून तोडू नका. संवर्धनासाठी काढावीच लागली तर दोघांना एकच नोंदक्रमांक द्या आणि एकाच पेटीत ठेवा. पारंपरिक जपानी शाई काजळीची असते, ती फिकी पडत नाही पण पापुद्र्यासारखी सुटू शकते. फाउंटन पेनची शाई ओलाव्याने पसरते आणि उजेडाने उडते. म्हणून पट्टी उजेडात मांडायची तर मूळ नव्हे, तिची प्रत मांडा. तिच्यावरचं नाव समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नका. त्या नावामागे आजही एखादं कुटुंब असेल.

पायरी ८: आपल्या हवेत जतन

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातली आर्द्रता हीच खरी शत्रू. भांडारात ती ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवता आली तर उत्तम. यंत्रणा नसेल तर बंद पेटीत सिलिका जेल ठेवा आणि महिन्याला बदला. फार कोरडंही नको. म्यानाचं लाकूड आणि माशाची कातडी तडकते. काही म्यानांवर चामड्याचं आवरण असतं. त्यातली आम्लं आणि ओलावा पात्याला खातात, म्हणून पातं चामड्यालगत ठेवू नका.

पात्यावर तेलाचा अगदी पातळ हात द्या. जपानात लवंगेचा वास असलेलं चोजी तेल वापरतात. शुद्ध हलकं खनिज तेलही चालतं. खोबरेल तेल नको, ते खवट होऊन चिकट थर बसतो. पितळी साजाला चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यातलं काही लावू नका. त्यावरचा मूळ रंग आणि मुलामा एका घासण्यात जातो आणि पुन्हा येत नाही. तलवार आडवी, धार वर करून ठेवा. नोंदक्रमांक पात्यावर कधीच लिहू नका. सुती फितीला बांधलेल्या आम्लमुक्त कागदावर लिहा.

पायरी ९: कायदा आणि परत पाठवण्याचा विचार

नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची तलवार भारतात शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. घरी असेल तर स्थानिक पोलिसांकडे आणि वकिलाकडे विचारून कागद नीट करून घ्या. मिरवणुकीत किंवा गाडीत घालून नेण्याचा विचारही करू नका. पातं शंभर वर्षांपुढचं निघालं तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो आणि ते देशाबाहेर नेता येत नाही.

काही कुटुंबांना तलवार जपानला परत करावीशी वाटते. भावना चांगली आहे, पण आधी चौकशी करा. पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या पात्याचीच तिथे नोंदणी होते. कारखान्यात बनलेलं युद्धकालीन पातं नोंदवलं जात नाही, ते जप्त होऊन नष्ट होऊ शकतं. अशा वेळी त्या कुटुंबासाठी पट्टीचा फोटो आणि इतिहास पाठवणं अधिक सुरक्षित.

पायरी १०: मांडणी आणि पाटी

"सामुराई तलवार" असं पाटीवर लिहू नका. सामुराई वर्ग एकोणिसाव्या शतकातच संपला. ही विसाव्या शतकातल्या सैन्याची तलवार. लष्करी तलवार कमरेला धार खाली करून लटकत असे, म्हणून साजासह मांडताना धार खाली ठेवली तरी योग्यच. पाटीवर खात्रीचं तेवढंच लिहा. त्या काकांच्या तलवारीसाठी मी लिहिलेली पाटी अशी: "जपानी सैन्याधिकाऱ्याची तलवार, प्रकार ९८. पातं बिननावी, तेलात कडक केलेलं. मुठीला मूळ मालकाच्या नावाची लाकडी पट्टी. कुटुंबाच्या आठवणीनुसार १९४५ साली ब्रह्मदेशात शरणागतीच्या वेळी मिळालेली."

काकांनी पाटी दोनदा वाचली आणि एकच विचारलं, दसऱ्याला घरी पूजा व्हायची, ती आता कशी करायची? हळदकुंकू आणि ओली फुलं पात्याला लागली की आठवड्यात डाग पडतात, हे त्यांना दाखवलं. तेव्हापासून दर दसऱ्याला ते संग्रहालयात येतात. तलवार पेटीतच असते. पेटीसमोर पाट मांडून त्यावर झेंडू आणि आपट्याची पानं ठेवतात. त्याच दिवशी मी पेटी उघडून गंज तपासतो, सिलिका जेल बदलतो आणि नोंदवहीत तारीख घालतो.